तीन मजली नमुना

केकच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर साखरेची दाढ होती. मुठीएवढी, पांढरीशुभ्र, दोन मुळांवर ऐटीत उभी. दातांच्या एका मोठ्या दवाखान्याला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "वर दाढच हवी. किडकी नको म्हणजे झालं."

ती दाढ घडवायला केककाकूंना दोन दिवस लागले होते. पहिली दाढ कोबीच्या गड्ड्यासारखी झाली, दुसरी ओव्हनशेजारी ठेवल्यामुळे एका बाजूला कलली. तिसरी मात्र अशी साधली की सासूबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "माझ्या तोंडात अशी एक तरी उरली असती तर!"

केककाकू हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं. सात वर्षांपूर्वी एका शेजारणीच्या मुलीसाठी त्यांनी सशाचा केक केला, तो ससा गावभर गाजला आणि मग ऑर्डरी थांबल्याच नाहीत. आता स्वयंपाकघरात दोन ओव्हन होते, बाल्कनी बंद करून तिथे वेगळा फ्रीज ठेवला होता, भिंतीवर खिळ्यांना गोल-चौकोनी साचे टांगलेले होते आणि कॅलेंडरवर एकही शनिवार कोरा नव्हता. पहाटे पाचला त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

त्यांचे यजमान वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, शिक्के मारायचे. त्यामुळे ते काटाकाका. माणूस सज्जन, शब्दाला पक्का, कुणाच्या दुकानातला चहासुद्धा न पिणारा. फक्त बायको काय करते असं कुणी विचारलं की हसून म्हणायचे, "चाललेलं असतं तिचं काहीतरी. विरंगुळा आहे." त्यात तिरस्कार नव्हता, उलट लाडच होता. पण तो शब्द ऐकला की केककाकूंच्या हातातली क्रीमची पिशवी जरा जास्तच दाबली जायची आणि गुलाबाच्या जागी कोबी उमलायचा.

केक पोचवायला त्यांची छोटी निळी गाडी होती. मागच्या सीटचा एक भाग पाडायचा, तिथे न घसरणारी रबरी चटई अंथरायची, त्यावर केकचा खोका ठेवायचा आणि उरलेल्या भागात सासूबाई पट्टा लावून बसायच्या, दोन्ही हातांनी खोका कवटाळून. वय चौऱ्याहत्तर. पण आजवर एकाही केकला त्यांनी धक्का लागू दिला नव्हता. "मी धरलाय. तू तुझी चालव," एवढंच बोलायच्या आणि मग पोचेपर्यंत चकार शब्द नाही.

त्या दिवशी सकाळी अकराला निघाल्या. दवाखाना जेमतेम वीस मिनिटांवर. उताराच्या रस्त्याला लागल्या तेव्हा पुढे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चालली होती, डोक्यावर पाटी लावून, गोगलगायीच्या चालीनं. केककाकूंनी अंतर ठेवलं होतं. पण शिकाऊ माणसाचा भरवसा काय? भर रस्त्यात, काहीही कारण नसताना, ती गाडी खाडकन थांबली. केककाकूंनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग वळवलं, शिकाऊ गाडी वाचली आणि निळी गाडी दुभाजकाच्या सिमेंटच्या ठोकळ्याला जाऊन भिडली.

आवाज मोठा झाला. मग एकदम शांतता. रेडिएटरमधून वाफ फुसफुसत होती तेवढीच.

"आई!" केककाकू मागे वळल्या. "आई, लागलं का?"

मागच्या सीटवर सासूबाई दिसतच नव्हत्या. म्हणजे होत्या, पण क्रीमखाली. केकचा खालचा मजला त्यांच्या मांडीवर, मधला खांद्यावर आणि वरचा, तो कुठे गेला हे विचारायची सोय नव्हती. त्या पांढऱ्या ढिगाऱ्यातून एक हात वर आला, त्यानं डोळ्यांवरचं क्रीम पुसलं आणि आवाज आला, "मी धरला होता गं. त्यानंच सोडलं मला."

खरचटलंही नव्हतं. पट्टा होता आणि त्यावर तीन मजल्यांची गादी होती. नुकसान म्हणाल तर चष्म्याची एक काडी वाकली होती, आणि ती साखरेची दाढ उडून थेट तोंडावर बसल्यामुळे सासूबाईंची कवळी तडकली होती. दातानं दात फोडला.

शिकाऊ गाडीतून एक टापटीप बाई उतरल्या आणि रडायलाच लागल्या. "मला वाटलं पुढे मांजर आहे! ती पिशवी निघाली!" केककाकूंनाच त्यांना पाणी पाजून शांत करावं लागलं. मग केककाकूंनी दवाखान्याला फोन लावला. पाहुणे जमले होते. काय सांगायचं? जे होतं तेच सांगितलं, "केक येत नाही, पेशंट येतोय."

डॉक्टरीणबाई स्वतः दारात उभ्या होत्या. सासूबाईंना त्यांनी तपासलं, तडकलेली कवळी तिथल्या तिथे जोडून दिली आणि एक पैसा घेतला नाही. उलट सासूबाईंच्या पदरावरचं क्रीम एका बोटानं चाखून म्हणाल्या, "अरेरे! काय केक हुकला हो आमचा." केककाकूंनी त्यांना पुढच्याच रविवारी तेवढाच केक करून द्यायचं कबूल केलं. तसा दिलाही, भाड्याच्या टॅक्सीतून नेऊन.

गाडी गॅरेजमध्ये गेली आणि केककाकूंनी धाकट्या दिराला फोन लावला. विमा त्यानंच काढून दिला होता. विमा एजंट होता तो. गोरागोमटा, हसतमुख आणि कुठल्याही प्रश्नाला "वहिनी, टेन्शन नको" हे एकच उत्तर देणारा. तीन वर्षांपूर्वी फॉर्म त्यानंच भरला, केककाकूंनी फुल्या मारलेल्या जागी सह्या केल्या. "फुल इन्शुरन्स आहे," तो तेव्हा म्हणाला होता. "गाडीला खरचटलं तरी कंपनी मलम लावून देईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजवर येणार होता. दीर अर्धा तास आधीच हजर. सासूबाईही आल्या होत्या. साक्षीदार म्हणून आपण असलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. दिरानं दोघींना टायरच्या ढिगाऱ्यामागे नेलं.

"वहिनी, एकच गोष्ट लक्षात ठेवा. केक कुणाचा होता असं विचारलं, तर घरचा. आईच्या वाढदिवसाचा."

"माझा वाढदिवस होऊन चार महिने झाले," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू बोलूच नकोस."

"पण का?" केककाकूंनी विचारलं. "ऑर्डरचा होता, तसं सांगायला काय झालं?"

दिरानं मान खाजवली. "त्याचं काय आहे, तुमची पॉलिसी खासगी वापराची आहे. घरची कामं, फिरणं, पाहुणे-रावळे. धंद्याच्या मालाची ने-आण त्यात बसत नाही."

"तुम्हाला माहीत होतं ना भावोजी, मी केक पोचवते ते? दर महिन्याला एक केक तुमच्याही घरी येतो."

"माहीत होतं. पण फॉर्म भरताना दादाला विचारलं, तर तो म्हणाला विरंगुळा आहे. मग मी घरगुती लिहिलं. हप्ताही कमी बसला."

"आणि मला म्हणालात, फुल इन्शुरन्स!"

"फुलच आहे हो," दीर कळवळून म्हणाला. "पण फुलाला पाकळ्या असतात वहिनी. त्यातल्या काही आपण घेतल्या नव्हत्या."

केककाकूंना बोलायचं पुष्कळ होतं, पण तेवढ्यात सर्व्हेअर आला. किडकिडीत, शांत, पांढऱ्या केसांचा माणूस. हातात पुठ्ठ्याला अडकवलेले कागद आणि खिशात पेनासारखी बारीक टॉर्च. त्यानं नमस्कार केला, बॉनेट बघितलं, बंपर बघितला, वाकून गाडीखाली बघितलं. घाई म्हणून नाही. एकेक गोष्ट लिहून घेत होता आणि विचारलं की शांतपणे सांगत होता.

"बंपर प्लास्टिकचा आहे. प्लास्टिकच्या आणि रबराच्या भागांची किंमत अर्धीच धरतात."

"अर्धी? का?" केककाकू म्हणाल्या.

"झीज धरतात, बाई. नवा भाग बसवला तरी जुन्याचीच किंमत. झीज न धरणारी जोडपॉलिसी मिळते. तुम्ही घेतलेली नाही."

केककाकूंनी दिराकडे बघितलं. दीर टायर मोजत होता.

"हा गाणी लावायचा डबा कंपनीनं दिलेला नाही, नंतर बसवलाय. फॉर्ममध्ये लिहिला होता का? नाही. मग तो बसत नाही."

सासूबाईंना राहवेना. त्या पुढे झाल्या. "आणि माझा चष्मा?"

"चष्मा ही वैयक्तिक वस्तू झाली, आजी. गाडीच्या विम्यात नाही येत."

"कवळी?"

"तीही नाही."

"बरं, मग मी? मी तरी येते का?"

सर्व्हेअरनं कागद उलटून बघितला. "गाडीत बसणाऱ्यांसाठी वेगळा अपघात विमा असतो. तो इथे दिसत नाही."

"म्हणजे काच विम्यात, दार विम्यात, आणि सगळ्या गाडीत मीच तेवढी फुकटची!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी धाकट्या मुलाकडे असं बघितलं की तो टायरच्या ढिगाऱ्यामागे निम्मा दिसेनासा झाला.

मग सर्व्हेअरनं मागचं दार उघडलं. गॅरेजवाल्यानं आतली सीट मुद्दाम पुसली नव्हती. सर्व्हे होईपर्यंत हात लावायचा नसतो. छताला क्रीम, काचेला क्रीम, एसीच्या जाळीत क्रीम, आणि सीटच्या फटीत साखरेच्या दाढेचं एक मूळ. सर्व्हेअरनं टॉर्चचा उजेड पाडला. बराच वेळ बघत राहिला.

"केक होता?"

"हो," केककाकू म्हणाल्या. "घरचा. सासूबाईंच्या वाढदिवसाचा."

"असं होय." त्यानं मान हलवली, लिहायला पेन टेकवलं आणि सहज बोलावं तसं बोलला, "माझ्या मुलीनंही मागे केला होता घरच्या घरी. असाच पसरला होता. हौशी लोकांच्या क्रीमला दम नसतो, बाहेर काढलं की ओघळतं."

दिरानं डोळे मिटून घेतले. तो आपल्या वहिनीला ओळखून होता.

"ओघळलंय?" केककाकू म्हणाल्या. "हे ओघळलंय? जरा हात लावून बघा. तीन दिवस झाले गाडी उन्हात उभी आहे, आणि या छताच्या क्रीमवर अजून नोझलच्या रेघा दिसतायत. मोजा! आठ पाकळ्यांचं नोझल आहे. एवढ्या आपटीत मधला मजला खालच्यापासून सुटला, पण फुटला नाही, कारण आत चार दांड्या घातल्यात. हौशी? अहो, वर्षाला दोनशे केक जातात माझ्या हातून! हा दातांच्या दवाखान्याचा होता, पंचवीस वर्षांच्या समारंभाचा, दोन महिने आधी ठरलेला!"

बोलून झालं. गॅरेजमध्ये कुणीतरी हातोडी मारत होतं, तेही थांबलं.

सर्व्हेअरनं छताच्या क्रीमला बोट लावलं. खरंच, रेघा होत्या. "उत्तम काम आहे, बाई," तो म्हणाला आणि आधीची ओळ खोडून नवी लिहायला लागला.

दीर टायरमागून धावत आला. "साहेब, एक मिनिट! पॉलिसीत लिहिलंय की धंद्याचे नमुने नेलेले चालतात. माल चालत नाही, नमुने चालतात. हा नमुना होता!"

सर्व्हेअरनं चष्म्यावरून बघितलं. "तीन मजली नमुना?"

"दवाखान्याला दाखवायला नेत होत्या."

"आणि आवडला नसता तर परत आणणार होतात?"

उत्तर सासूबाईंना सुचलं. "गाडीत त्या दिवशी नमुने होते ते दोनच," त्या म्हणाल्या. "एक ही आणि एक मी. तिसरा गाडीबाहेर, हा बघा उभा आहे."

सर्व्हेअर पहिल्यांदाच हसला. निघताना केककाकूंना म्हणाला, "मी बघितलं ते लिहिणार. राग मानू नका."

"राग कसला?" केककाकू म्हणाल्या. "खोटं बोलायला लागले तेव्हाच जीभ जड झाली होती. पण तुम्ही हौशी म्हणायला नको होतं."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. संध्याकाळचा चहा चालला होता. काटाकाकांनी पाकीट फोडलं, वाचलं आणि कपाळाला हात लावला. "नामंजूर," ते म्हणाले. "पूर्ण नामंजूर."

केककाकूंनी पत्र हातात घेतलं. सरकारी वळणाची भाषा होती. एक वाक्य त्यांनी वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग खुर्चीवर बसून वाचलं. अपघाताच्या वेळी सदर वाहन विमाधारक यांच्या केकनिर्मितीच्या व्यवसायातील मालाच्या वाहतुकीसाठी वापरात होते, सबब दावा मान्य करता येत नाही.

व्यवसाय. सात वर्षांत कुठल्याही कागदावर त्यांच्या नावापुढे हा शब्द आला नव्हता. रेशनकार्डाच्या अर्जात गृहिणी, बँकेत गृहिणी, मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर गृहिणी. एवढ्या वर्षांनी कुणीतरी शिक्क्यानिशी लिहून दिलं, तेही क्लेम नाकारताना. त्यांना हसावं की रडावं कळेना. चहा मात्र गार झाला.

काटाकाकांच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू होतं. त्यांनी कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात अर्ज लिहायला बसले. तक्रार निवारण कक्षाकडे फेरविचाराची विनंती. अर्ध्या तासात मसुदा तयार. धाकटाही तोवर येऊन पोचला होता. त्यानं वाचून मान डोलावली. "दादा, जमलं. या मुद्द्यावर पलटू शकतं. वहिनींची फक्त सही हवी."

केककाकूंनी वाचलं. मी गृहिणी असून फावल्या वेळात केवळ विरंगुळा म्हणून केक करते. त्यामागे कोणताही व्यावसायिक हेतू नाही. मिळणारी रक्कम ही सामानाच्या खर्चापुरतीच असते.

"हे खरं आहे का?" त्यांनी विचारलं.

"खरं-खोटं कशाला बघतेस? अर्जाची भाषा असते तशी," काटाकाका म्हणाले. "गाडीचा सगळा खर्च वाचेल."

"तुम्हाला वाटतं का हे खरं, तेवढं सांगा."

काटाकाका गडबडले. त्यांना खरं सांगायचं तर कधी हा प्रश्नच पडला नव्हता. "म्हणजे... घरात बसून करतेस. दुकान नाही, पाटी नाही."

उत्तर सासूबाईंनी दिलं. पलंगावर बसून त्या वाकडी काडी दोऱ्यानं बांधलेल्या चष्म्यातून बघत होत्या. "सात वर्षं मी मागच्या सीटवर विरंगुळ्याला मिठी मारून बसत होते काय रे? पाय बधिर व्हायचे माझे. विरंगुळ्यानं पाय बधिर होत नाहीत."

केककाकूंनी अर्ज घडी घालून नवऱ्याच्या हातात दिला. आवाज चढवला नाही, उलट नेहमीपेक्षा हळूच बोलल्या. "गाडी मी दुरुस्त करीन. माझ्याकडे साठलेले आहेत, मोठा ओव्हन घ्यायचा होता त्यासाठी. ओव्हन वर्षभरानं घेईन. पण यावर सही नाही करणार मी. कंपनीनं मला पैसे दिले नाहीत, पण ओळखलं तरी."

त्या आत गेल्या आणि उद्याच्या केकचं पीठ चाळायला लागल्या.

अर्ज दोन दिवस काटाकाकांच्या खिशातच राहिला. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, त्यांना सुट्टी. पहाटे पाचला केककाकूंनी स्वयंपाकघरातला दिवा लावला, तर मागोमाग तेही आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

"काही हवंय का?"

"नाही. तुझं चालू दे."

ते बघत राहिले. अंडी फोडताना ती प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडते, मग भांड्यात टाकते. मैदा, साखर, लोणी, सगळं काट्यावर. ओव्हनचं दार उघडायच्या आधी घड्याळ बघत नाही, वास घेते. मधेच फोन आला, तर खांद्यानं धरून तिनं एका बाईंना नम्रपणे पण ठाम सांगितलं की एका दिवसाच्या सूचनेवर दोन मजली केक होत नाही. नऊ वाजेपर्यंत तीन केक जाळीवर निवत होते आणि केककाकू अजून एकदाही बसल्या नव्हत्या.

मग काटाकाका उठले. बाहेरून आपली ऑफिसची चामडी पेटी घेऊन आले. आत मखमलीच्या खाचांत पितळी वजनं होती. त्यांनी ती रुमालानं धरून एकेक केककाकूंच्या काट्यावर ठेवली. शंभर ग्रॅम, पाचशे, एक किलो, दोन किलो. कपाळाला आठी पडली.

"दोन किलोला सहा ग्रॅम कमी दाखवतोय."

"म्हणजे सात वर्षं मी लोकांना सहा ग्रॅम जास्त देतेय?"

"हो. पण हे बरोबर नाही." ते खात्याच्या आवाजात बोलत होते. "घरातला काटा असता तर चाललं असतं. धंद्याच्या काट्याला शिक्का लागतो. सोमवारी ऑफिसला घेऊन ये, दुरुस्त करून शिक्का मारून देतील. रांगेत उभी राहा. माझी ओळख सांगू नकोस."

केककाकूंनी ओट्याकडे तोंड फिरवलं. त्या दिवशीच्या केकवरचा एकही गुलाब बिघडला नाही.

सोमवारी त्या पिशवीत काटा घालून गेल्या. पुढे भंगारवाला, मागे कापड दुकानदार, मधे त्या. पाऊण तास उभ्या राहिल्या. खिडकीतल्या कारकुनानं नाव विचारलं, पत्ता विचारला, मग विचारलं, "व्यवसाय?"

"केक बनवते," केककाकू म्हणाल्या. जरा मोठ्यानंच.

दोन टेबलं पलीकडे काटाकाका फायलीत डोकं घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, हे केककाकूंना लांबून दिसलं.

गाडी महिन्यानं दुरुस्त होऊन आली. एसी लावला की आतून अजून व्हॅनिलाचा वास यायचा. गॅरेजवाला म्हणाला, तेवढा राहील. आता नवा विमा काढायचा होता. केककाकू दुसऱ्या एजंटाकडे जातील असं दिराला वाटत होतं आणि तो तोंड लपवत फिरत होता. त्यांनीच त्याला बोलावलं. "तुम्हीच काढा भावोजी. पण या वेळी आधी वाचायचं, मग सही. आणि वाचायचं तुम्ही, मोठ्यानं."

तो रविवारी दुपारी कागदांचा गठ्ठा घेऊन आला. हॉलमध्ये सगळे बसले. दीर वाचत होता आणि वाचता वाचता त्याचाच चेहरा बदलत होता, कारण अकरा वर्षांच्या धंद्यात शेवटच्या पानापर्यंत तो आज पहिल्यांदाच पोचत होता. परवाना संपला असेल तर विमा नाही. दारू पिऊन चालवली तर नाही. पाणी शिरलेलं इंजिन पुन्हा चालू करायला गेलात आणि बिघडलं तर नाही. गाडी दुसऱ्याला भाड्यानं दिली तर नाही. शर्यतीत उतरवली तर नाही.

"शर्यतीचं राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "पुढे वाच."

धंद्याच्या वापराचा विमा वेगळा होता, हप्ता जास्त होता. झीज न धरणारी जोडपॉलिसी घेतली. गाण्यांचा डबा यादीत लिहिला. केकसाठी मालाचा वेगळा विमा निघाला. फॉर्मवर धंद्याचं नाव विचारलं होतं, त्यावर दहा मिनिटं वाद झाला आणि शेवटी केककाकूंनी पोरांनी ठेवलेलंच नाव लिहिलं. मग दीर एका ओळीवर अडकला.

"काय झालं?" काटाकाकांनी विचारलं.

"मालाबरोबर गाडीत जो बसतो, तो धंद्यातला पगारी माणूस असेल तरच त्याला हे संरक्षण आहे. नातेवाईक म्हणून बसला तर नाही." त्यानं आईकडे बघितलं. "म्हणजे आईला गाडीत बसता येणार नाही."

"का नाही येणार?" सासूबाई सरसावून बसल्या. "पगारी म्हणतोय ना तो कागद? मग ठेवा पगारी."

"आई, या वयात नोकरी?"

"वयाची अट लिहिली आहे का बघ."

दिरानं पान उलटलं, पालटलं, बोटानं ओळीन् ओळ तपासली. वयाची अट नव्हती.

काटाकाकांनी मुकाट्यानं नवा कागद घेतला आणि आईच्या नियुक्तीचं पत्र लिहायला बसले. पद, मदतनीस, केक वाहतूक. केककाकूंनी पगाराचा आकडा सांगितला. सासूबाईंनी तो ऐकला, थोडा विचार केला आणि नाक मुरडलं.

"पगार चालेल," त्या म्हणाल्या. "पण गुरुवारी सुट्टी हवी मला. आणि उताराच्या रस्त्यानं जायचं नाही. हेही लिही."

काटाकाकांनी तेही लिहिलं. केककाकूंनी मालकीणबाई म्हणून खाली सही केली, आणि सासूबाईंनी चष्मा सावरत सगळं पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचलं. मगच पेन हातात घेतलं.